ऑनलाइन विक्री आणि अमानतदारी



आपल्या घरांतील अनेक मुले-मुली आज घरबसल्या ऑनलाइन विक्री करतात. कुणी परीक्षेच्या नोट्स पीडीएफ स्वरूपात विकतो, कुणी निकाहच्या निमंत्रणपत्रिका तयार करून देते. मेहनत खरी असेल तर कमाई हलाल आहे. मात्र या मालाचा स्वभाव ध्यानात घ्यावा. कापड परत घेता येते, फाइल परत घेता येत नाही. ग्राहकाने पैसे परत घेतले तरी प्रत त्याच्याजवळ राहतेच. बहुतेक तंट्यांचे मूळ येथे आहे.

समजा, एका भगिनीला ग्राहकाने पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला आणि तिने लगेच पत्रिकेची फाइल पाठवली. रात्री खाते पाहिले तर रक्कम जमाच नाही. स्क्रीनशॉट बनावट होता. दुसरा प्रकार याहून सूक्ष्म आहे. कार्डाने पैसे भरणारा फाइल उतरवून घेतो आणि ‘माल मिळालाच नाही’ अशी तक्रार बँकेकडे करतो. ती मान्य झाली तर रक्कम विक्रेत्याकडून परत घेतली जाते. यालाच चार्जबॅक म्हणतात. ही सोय खऱ्या पीडितांसाठी आहे. खोटे बोलणाऱ्याच्या हाती मात्र किंमतही राहते आणि मालही. सूरह अल-बकराच्या १८८व्या आयतीत एकमेकांची संपत्ती अन्यायाने खाण्यास आणि त्यासाठी प्रकरण अधिकाऱ्यांपुढे नेण्यास मनाई आहे. निकाल आपल्या बाजूने लागला, म्हणून हराम वस्तू हलाल होत नाही.

विक्रेताही या हिशेबातून सुटत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विचारून त्यांनी फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले (सहीह मुस्लिम). नमुन्याची दोन पाने सुबक दाखवून आत जुना अभ्यासक्रम भरणे, ही तीच ओली रास होय.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा त्याच सूरहच्या २८२व्या आयतीत आहे. तीच दक्षता येथेही उपयोगी पडते :

१. पृष्ठसंख्या, अभ्यासक्रमाचे वर्ष आणि पैसे परत करण्याच्या अटी विक्रीपूर्वीच लेखी कळवाव्यात.

२. स्क्रीनशॉटवर विसंबू नये. रक्कम आपल्या खात्यात जमा झालेली पाहूनच फाइल पाठवावी.

३. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. कुणी तो टाकायला सांगितला, तर तो पैसे काढून घेत आहे असे समजावे.

४. पावती, संदेश आणि फाइल पाठवल्याची नोंद जपावी. चार्जबॅकला उत्तर देताना हाच पुरावा असतो.

५. फसवणूक होताच बँकेला कळवावे व १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. लाजेपोटी उशीर करू नये.

ग्राहकाला खरोखर पश्चात्ताप झाला असेल, तर सौदा मागे घेणे हे पुण्याचे काम आहे. फिकहमध्ये याला इकाला म्हणतात. असा सौदा मागे घेणाऱ्याच्या चुका अल्लाह माफ करील, अशी शुभवार्ता अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहे. मात्र पैसे परत घेणाऱ्याने फाइलही पुसून टाकली पाहिजे. ती पुसली की नाही, हे विक्रेत्याला कळणार नाही, बँकेलाही नाही. ते केवळ अल्लाह जाणतो, आणि ईमानाची परीक्षा नेमकी तेथेच होते.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल रोजी आणि स्वच्छ व्यवहार लाभू देवो. आमीन.