स्त्री-पुरुष समानता : आजच्या समाजात शक्य आहे का?



मागे युवक-युवतींच्या अभ्यासवर्गात एका मुलीने आम्हाला सरळ विचारले, “फादर, स्त्री-पुरुष समानता खरंच येणार आहे का, की हे भाषणापुरतंच?” वर्गातली मुले हसली. मुली हसल्या नाहीत. त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर पुस्तकी होते आणि ते आमचे आम्हालाच अपुरे वाटले. म्हणून आजचा पाठ याच प्रश्नावर आहे.

१. समानता म्हणजे काय?

समानता म्हणजे सारखेपणा नव्हे. स्त्री आणि पुरुष शरीराने वेगळे आहेत आणि वेगळे राहणार. मग ते समान कशात आहेत? जर्मन तत्त्वज्ञ कांट याने एक उपयोगी भेद सांगितला आहे. वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा असते. किमतीत कमी-जास्त करता येते. एका वस्तूच्या बदल्यात दुसरी घेता येते. प्रतिष्ठेत तसे करता येत नाही. ती अर्धी किंवा पाऊण नसते. पवित्र शास्त्राच्या पहिल्याच अध्यायात नर आणि नारी दोघांनाही देवाच्या प्रतिरूपात निर्माण केल्याचे सांगितले आहे. त्याचा अर्थही हाच.

तेव्हा प्रतिष्ठेची समानता आपल्याला कुणाकडून मिळवायची नाही. ती जन्मापासून आहेच. जी आणायची आहे ती व्यवहारातील समानता. ती ओळखण्यासाठी तीन प्रश्न पुरेत : काम कोण करते? मोबदला कुणाच्या हातात जातो? आणि निर्णय कोण घेते?

२. आधुनिक समाज म्हणजे पुढारलेला समाज का?

शहरे पुढारलेली आणि आपले जंगलाचे जिल्हे मागासलेले, असे आपण ऐकत आलो. २०११ च्या जनगणनेतील एक आकडा पाहा. सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या. बीड जिल्ह्यात केवळ ८०७. आपल्या गडचिरोलीत मात्र ९६१. सोनोग्राफीचे यंत्र हे आधुनिक विज्ञानाचेच फळ. पण ज्या घरात मुलगी नकोशी होती, त्या घराच्या हाती ते यंत्र पडले आणि मुली जन्माआधीच नाहीशा झाल्या. यंत्राने मन बदलले नाही. मनात होते तेच अधिक सहज घडवून आणले.

यावरून आपले सारेच चांगले, असा समज मात्र करून घेऊ नये. भामरागड, एटापल्ली, धानोरा या भागांतील अनेक गावांत पाळीच्या दिवसांत स्त्रीला गावाकडेच्या कुर्माघरात राहावे लागते. पावसाळ्यात गळणारी झोपडी, साप-विंचवाची भीती, आजारपणात जवळ कुणी नाही. गेल्या काही वर्षांत काही ठिकाणी पक्क्या भिंती, दिवा आणि शौचालय असलेली कुर्माघरे बांधली गेली. त्यामुळे जीव वाचतील, हे चांगलेच. पण विचार करणाऱ्याने पुढचा प्रश्नही विचारावा : तिथे जायचे की नाही, हे ती स्त्री स्वतः ठरवू शकते का?

डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांच्या स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होता. त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे घरोघरी दुखणे होते आणि घरोघरी ते अंगावर काढले जात होते. आपले दुखणे बोलण्याजोगे आहे, असे जिला वाटत नाही, तिला समानता कुठून मिळणार?

३. कायदा काय करू शकतो?

कायद्याची ताकद आणि कायद्याची मर्यादा, दोन्ही आपल्या भूमीने पाहिल्या आहेत.

मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तेव्हा देसाईगंज चंद्रपूर जिल्ह्यात होते. तिचे नाव आम्ही येथे घेत नाही. उच्च न्यायालयाने दोन पोलिसांना दोषी ठरवले होते. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, असे कारण दिले गेले. १९७९ मध्ये चार कायदेपंडितांनी न्यायालयाला खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीत झालेल्या बलात्काराच्या खटल्यात आपली संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे ठरले. आपल्या जंगलातील एका गरीब मुलीच्या दुःखातून साऱ्या देशाचा कायदा सुधारला.

दुसरे उदाहरण दारूबंदीचे. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली, ती लोकांच्या चळवळीमुळे. डिसेंबर २०१० मध्ये आपल्या जिल्ह्यातील स्त्रिया चिमूरहून नागपूरला विधानसभेच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूरमध्ये दारूबंदी लागू झाली. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. बंदी योग्य की अयोग्य, हा वाद येथे करायचा नाही. अवैध दारू वाढली होती, हेही खोटे नाही. पण त्या स्त्रिया इतके चालल्या ते कशासाठी? घरातला पैसा कुठे जातो, हे घरात विचारण्याची सोय नव्हती म्हणून. जे चुलीजवळ बोलता आले नाही, ते त्यांना अधिवेशनाच्या दारात जाऊन बोलावे लागले. सरकार बंदी घालू शकते आणि उठवूही शकते. पण पत्नीला विचारून घर चालवणे, हे कोणतेही मंत्रिमंडळ ठरवून देऊ शकत नाही.

४. कष्ट तिचे, निर्णय कुणाचा?

मे महिन्यात आपल्याकडे तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पहाटे अंधारात बाया जंगलात जातात आणि दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. पोटासाठी इतका धोका पत्करणारी स्त्री दुबळी आहे, असे कोण म्हणेल? पण पैसे कुणाच्या खात्यात जमा होतात आणि ते कशावर खर्चायचे हे कोण ठरवते, हे प्रत्येकाने आपापल्या घरी पाहावे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने विवाहितांच्या जमिनीचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे द्यावा असे सांगितले. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार अशा दाव्यांच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने तर त्याआधीपासूनच सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत बसवली. स्त्रियांनाही पटेपर्यंत चर्चा चालते. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. याउलट महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत स्त्रियांना निम्म्या जागा आहेत, तरी ‘सरपंचपती’ हा शब्द आपल्याला सर्वांना ठाऊक आहे. खुर्ची तिची, सही तिची, बोलणे मात्र त्याचे.

५. आपल्या धर्मग्रामाचे काय?

दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी एक कबुली. आमच्या एका धर्मग्रामात आम्ही परिषदेवर स्त्रियांना घेतले आणि समाधान मानले. सभा मात्र संध्याकाळी सातला ठेवत होतो. स्त्रिया उशिरा येत, दाराजवळ बसत, काही न बोलता लवकर उठत. त्यांना रस नाही, असा आमचा समज झाला. शेवटी एका वयस्कर बाईंनी सांगितले, “फादर, तुमची सभा आमच्या भाकरीच्या वेळी असते.” आम्ही सभा रविवारी मिस्सानंतर घेऊ लागलो. त्याच वर्षी परिषदेपुढे आलेल्या चांगल्या सूचनांपैकी निम्म्या स्त्रियांच्या होत्या. त्या पूर्वीही सुचत असतील; ऐकण्याची वेळ आम्ही ठेवली नव्हती.

प्रभूच्या पुनरुत्थानाची वार्ता शिष्यांना पहिल्यांदा सांगितली ती मरिया माग्दालियाने, आणि शिष्यांना ती खरी वाटली नाही. ख्रिस्तसभेतही हे शिकणे संपलेले नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये रोमच्या सिनडमध्ये स्त्रियांना प्रथमच मतदानाचा अधिकार मिळाला.

मग त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर काय? होय, शक्य आहे. आम्ही ते चिमूरच्या वाटेवर आणि मेंढ्याच्या ग्रामसभेत घडताना पाहिले आहे. पण नवा काळ आला म्हणून ती आपोआप येत नाही, आणि एकदा आली म्हणून कायमची राहत नाही. कायदा दार उघडतो. घरात कुणाचे ऐकले जाईल, हे घरातल्यांनीच ठरवायचे असते.

या आठवड्यात कुटुंबात बोलण्यासाठी :

१. आपल्या घरातील मोठा खर्च, मुलीचे शिक्षण, मुलीचे लग्न, हे शेवटी कोण ठरवते?
२. शेतीच्या सातबारावर किंवा वनहक्काच्या पट्ट्यावर कुणाकुणाचे नाव आहे? कागद काढून पाहावा.
३. घरातील स्त्रीची शेवटची वैद्यकीय तपासणी कधी झाली?
४. मुलगा आपले ताट स्वतः धुतो का?

चौथा प्रश्न वाचून कुणी हसेल. हरकत नाही, पण उत्तर द्यावे. अभ्यासवर्गातल्या त्या मुलीला आम्ही पुढच्या वेळी पुन्हा बोलावले आहे आणि या वेळी आधी तिचे ऐकणार आहोत.

प्रभू आपणां सर्वांना सुबुद्धी देवो.

आपले धर्मगुरू