एका थेंबापाशी थांब

अगं, सूक्ष्मदर्शक घेतलास हे फार छान केलंस. आणि ‘ताई, मी कॉमर्सची, मला त्यातलं काय कळणार?’ हे आधी डोक्यातून काढून टाक बघू. लेवेनहूक डेल्फ्टचा कापडव्यापारी होता. विद्यापीठात गेलेला नाही, लॅटिन येत नाही. १६७४ मध्ये गावाजवळच्या तळ्याचं पाणी त्यानं स्वतः बनवलेल्या इवल्याशा भिंगातून पाहिलं आणि त्यातल्या वळणदार हिरव्या रेषा, इकडेतिकडे पळणारे जीव, सगळं आपल्या डच भाषेत लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळवलं. त्याच्याकडे चिकाटी होती. ती तुझ्याकडेही आहे, मला ठाऊक आहे.

पाणी आणताना तळ्याच्या मधलं नितळ पाणी नको, त्यात फारसं काही सापडत नाही. काठचं शेवाळं बाटलीत पिळून घे, पाण्यातल्या पानाची खालची बाजू खरवडून घे, तळाची दोनचार कुजकी पानं टाक. बाटली अर्धी रिकामी ठेव, झाकण सैल ठेव आणि उन्हात ठेवू नकोस. स्वयंपाकाच्या ओट्यावर तर मुळीच नको, आणि हात साबणानं धुवायचे.

आता मुख्य गोष्ट. सगळ्यांना पहिल्याच दिवशी सगळ्यात मोठं भिंग लावायची घाई असते. तू ४ पटीच्या भिंगापासून सुरुवात कर. त्यात थेंबाचा मोठा भाग एका नजरेत येतो, कोण कुठे पळतंय ते कळतं. मग १० पटीचं. ४० पटीचं सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा फक्त बारीक फिरकी वापर, नाहीतर वरची पातळ काच फुटते. उजेडही कमी कर. हे जीव जवळजवळ पारदर्शक असतात, झगझगीत प्रकाशात दिसेनासे होतात. स्टेजखालची झडप जरा मिटली की कडा उठून येतात.

पॅरामेशियम सापडेलच, कुजक्या पानांच्या पाण्यात हमखास असतो. तो फार पळतो, म्हणून थेंबात कापसाचे दोनचार तंतू टाक, त्यांत अडकला की नीट बघता येतो. त्याच्या शरीराच्या दोन टोकांशी दोन गोल ठिपके दिसतील. हळूहळू फुगतात आणि एकदम नाहीसे होतात, मग पुन्हा फुगतात. बाहेरचं गोडं पाणी त्याच्या पेशीत सतत झिरपत असतं, ते उपसून टाकायची ही सोय. उपसणं थांबलं तर पेशी फुटेल. केसाच्या दोनतीन जाडींएवढा तो जीव, एकच पेशी, आणि तुझ्या डोळ्यांदेखत जगायची ही धडपड चाललेली! मला यापुढे दुसरं काही सुचत नाही.

व्होर्टिसेलाही शोध. शेवाळ्याच्या तंतूला देठानं चिकटलेला, घंटेच्या आकाराचा. काचपट्टीला बोटानं हलकीशी टिचकी मार. देठ क्षणात गुंडाळला जातो, इतका झटकन की आकसताना दिसतच नाही, नुसता आकसलेला दिसतो. उलगडायला मात्र तो निवांत वेळ घेतो. तोवर तू हलू नकोस.

नावं पाठ करत बसू नकोस, ती मागाहून येतात. साध्या वहीत पेन्सिलीनं चित्र काढ, चित्र वाईट आलं तरी चालेल. फोनवर फोटो काढला की आपण बघायचं थांबवतो, रेघ ओढताना मात्र ‘केस सगळीकडे आहेत की तोंडापाशीच?’ असे प्रश्न आपोआप पडतात. शेजारी तारीख आणि पाणी कुठलं ते लिही.

आणि बाटली लगेच ओतून देऊ नकोस. दिवस जातील तशी आतली वस्ती बदलते. आधी जीवाणू माजतात, मग त्यांना खाणारे वाढतात, मग त्यांनाही खाणारे येतात. आठवड्यानं त्याच बाटलीतला थेंब घेऊन बस आणि कोण नवीन आलंय ते मला फोन करून सांग. शेवटी पाणी ज्या तळ्यातून आणलंस त्याच तळ्यात सोड, दुसऱ्या कुठल्या नको.