मोबाईलला विराम : बंदी की शील?

आपल्या निवासी शाळेतील विद्यार्थ्याच्या हाती सत्रभर मोबाईल नसतो. सुट्टीत घरी गेला की तो मिळतो आणि परतल्यावर पहिले काही दिवस मुलगा वाचनात स्थिरावत नाही, हा पातूरमधील माझा नित्याचा अनुभव आहे. परंतु दोष केवळ मुलांचा नाही. एका सायंकाळी एक विद्यार्थी वडिलांच्या आजारपणाविषयी बोलण्यास माझ्याकडे आला. मी समाजमाध्यमावरील एका वादाला उत्तर लिहीत होतो. "सर, नंतर येतो," म्हणून तो परतला. पुन्हा आला नाही. शेवटी मलाच त्याच्याकडे जावे लागले. तो वाद कशाविषयी होता, हे आज मला आठवतही नाही.

या प्रश्नावर महाराष्ट्रातील दोन गावांनी शोधलेली उत्तरे अभ्यासण्याजोगी आहेत. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातील बांशी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदी करणारा ठराव घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने दुसरा प्रयोग सुरू झाला. सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाईल बंद राहतात. प्रारंभी शिक्षक, आशा व अंगणवाडी सेविकांनी घरोघर जाऊन लोकांना समजावले.

दोन्ही गावांची तळमळ खरी आहे. भेद इतकाच, की बांशीचा नियम मुलांसाठी आहे. वडगावात थोरही थांबतात.

बौद्ध परंपरेत हा भेद महत्त्वाचा आहे. पंचशीलातील 'वेरमणी' म्हणजे विरत राहणे. हे विरत राहणे कोणी लादत नाही. उपासक ते स्वतः स्वीकारतो. उपोसथाचा दिवस आणि आषाढ पौर्णिमेपासूनचा तीन महिन्यांचा वर्षावास यांतही ठरावीक काळ थांबून चित्ताकडे पाहण्याचीच शिकवण आहे.

तथापि संपूर्ण त्याग हा आपला मार्ग नव्हे. ज्यांचा आवाज कोणी ऐकत नव्हते, त्यांच्यासाठी बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला. आज शिष्यवृत्तीचा अर्ज व प्रवेशाची सूचना मोबाईलवरच येते. साधन सोडावयाचे नाही, त्याचे दास्य सोडावयाचे आहे. त्याच बाबासाहेबांनी तासन्‌तास एकाग्रतेने वाचन केले, म्हणूनच त्यांच्या लेखणीला वजन आले, हेही विसरू नये.

पालक व माजी विद्यार्थ्यांनी पुढील तीन नियम आपणहून स्वीकारावेत :

१. सायंकाळी ७ ते ८.३० या वेळेत घरातील सर्वांचे मोबाईल एका जागी ठेवावेत. प्रथम वडीलधाऱ्यांनी ठेवावा.

२. त्या वेळेत मुलाने वाचलेले एक पान घरच्यांनी ऐकावे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनाही ऐकता येते.

३. पौर्णिमेच्या दिवशी समाजमाध्यमे पूर्ण बंद ठेवावीत. अडचणीसाठी फोन मात्र चालू असावा.

चर्चेसाठी प्रश्न : मुलाला मोबाईल बाजूला ठेवण्यास सांगताना आपल्या हातात काय असते? याचे प्रामाणिक उत्तर प्रत्येक घराने आज सायंकाळी शोधावे. दाराशी आलेले मूल "नंतर येतो" म्हणून परतू नये, एवढ्यासाठी तरी.