महाविद्यालयाचे दार आणि वसतिगृहाची खोली

कोविड महामारीत महाविद्यालये पुन्हा उघडताना वर्गातील अंतर, मुखपट्टी व प्रवेशद्वारावरील तापमापन यांची चर्चा पुष्कळ झाली. दिलसुखनगरात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना मला मात्र खरा प्रश्न वसतिगृहात दिसतो. इंटरमिजिएट व कोचिंगसाठी बाहेरगावाहून आलेली सोळा-सतरा वर्षांची मुले येथे एकेका खोलीत तिघे-चौघे राहतात, एकाच मेसमध्ये जेवतात. वर्गात राखलेले अंतर रात्री खोलीत उरत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत एका वेळी निम्म्याहून अधिक विद्यार्थी नसावेत व वसतिगृहात खोलीची भागीदारी नसावी, असे सुचविले होते. खाजगी वसतिगृहांच्या अर्थकारणात हे बसणे कठीण. तेलंगणात १ फेब्रुवारी २०२१ रोजी महाविद्यालये उघडली, २४ मार्चपासून वैद्यकीय महाविद्यालये वगळता ती बंद झाली आणि १ सप्टेंबर रोजी पुन्हा सुरू झाली.

अकस्मात बंद करणेही निर्धोक नसते. मार्च २०२० मध्ये हैदराबादेतील वसतिगृहे रिकामी होऊ लागली, तेव्हा पोलिसांचे परवाने घेऊन निघालेले तरुण विजयवाडा मार्गावर गरिकपाडू येथील आंध्र सीमेवर खोळंबले. लक्षणे दिसण्यापूर्वी एक-दोन दिवस रुग्ण संसर्ग पसरवू शकतो. म्हणजे दारावरचा तापमापक त्यास ओळखत नाही, आणि घाईने घरी धाडलेला मुलगा तो संसर्ग आजी-आजोबांपर्यंत नेऊ शकतो.

यावरून पुढील गोष्टी आधीच ठरवून ठेवणे श्रेयस्कर :

१. वायुवीजन : विषाणू सूक्ष्म कणांद्वारे बंद खोलीत हवेत तरंगत राहतो. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, बाहेर हवा फेकणारा पंखा बसवावा. कार्बन डायऑक्साइड मापकाचा आकडा ८०० च्या आत असल्यास हवा पुरेशी खेळती समजावी.

२. राखीव खोली : प्रत्येक वसतिगृहात स्वतंत्र स्वच्छतागृहासह एक खोली रुग्णासाठी मोकळी असावी. जेवण तेथेच पोहोचावे. श्वास लागणे, ग्लानी किंवा ऑक्सिजनचे प्रमाण ९४ च्या खाली जाणे, असे दिसताच रुग्णालय गाठावे.

३. हजेरी : आजारी मुलाची हजेरी कापली, तर तो पॅरासिटामॉल घेऊन वर्गात बसतो. आजारपणाची रजा दंडाविना मिळावी व बुडालेला पाठ ऑनलाइन मिळावा.

४. लसीकरण : १५ ते १७ वयोगटास ३ जानेवारी २०२२ पासून लस मिळाली. तिने गंभीर आजार टळतो, पण प्रसार पूर्णतः थांबत नाही. म्हणून वरील तीन गोष्टी लसीनंतरही आवश्यकच.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे घोषित केले. तथापि इन्फ्लुएंझा व गोवर याच वाटेने पसरतात. आपल्यापैकी प्रत्येक डॉक्टरने दवाखान्याजवळच्या एका वसतिगृहाची खिडकी आणि रिकामी खोली स्वतः पाहून यावी, वॉर्डनला आपला दूरध्वनी क्रमांक द्यावा. दूर गावी राहिलेल्या आईवडिलांनी आपले मूल ज्या विश्वासाने येथे ठेवले आहे, त्याची एवढी तरी राखण आपल्या हाती आहे.