मुले मृत्यूनंतरच्या गोष्टी वाचतात तेव्हा

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की आपल्याकडे सकाळी अकरानंतर मुलांना बाहेर पाठवायची सोय राहत नाही. मग कूलरसमोर पडून वाचन चालते. कुणी वाचनालयातून नारायण धारपांची पुस्तके आणतो, कुणी रत्नाकर मतकरींच्या गूढकथा, तर कुणी मोबाईलवर इंग्रजीतल्या मालिका-कादंबऱ्या वाचतो. या मालिकांतली नायिका पंधरा-सोळा वर्षांची असते. ती मरते किंवा मरता मरता वाचते, आणि पलीकडच्या जगात तिची खरी कथा सुरू होते. एक भाग संपला की दुसरा. जेवायला चार हाका मारल्या तरी मूल जागचे हलत नाही.

असे पालक दवाखान्यात येतात तेव्हा तक्रार डोकेदुखीची किंवा भूक मंदावल्याची असते. औषध लिहून झाले की आई दारात थांबते आणि हळूच विचारते, "डॉक्टरसाहेब, पोरगं रातभर भुताचे पुस्तकं वाचते. त्याले बाहेरचं काही तं लागलं नसन ना?" नोकरदार वडील हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात, "याच्या डोक्यावर परिणाम तर होणार नाही?" दोघांनाही माझे उत्तर एकच असते. भुताच्या पुस्तकाने निरोगी मुलाला वेड लागत नाही. मात्र मूल ते पुस्तक का वाचते आणि वाचल्यानंतर कसे झोपते, इकडे घरच्यांचे लक्ष हवे. आजचा लेख त्याविषयी आहे.

ही आवड नवी नाही

मेल्यावर काय होते, हा प्रश्न मुलांना परदेशी पुस्तकांनी शिकवलेला नाही. कठोपनिषदातला नचिकेता हा लहान मुलगाच होता. रागावलेल्या वडिलांच्या तोंडून "तुला मृत्यूला देतो" असे निघून गेले आणि हा मुलगा खरोखरच यमाच्या दारी जाऊन तीन रात्री उपाशी बसला. यमाने दिलेल्या तीन वरांपैकी तिसऱ्या वराने त्याने मृत्यूनंतरचे रहस्य विचारले, हे पुष्कळांना माहीत असते. पहिला वर मात्र आपण विसरतो. वडिलांचा राग शांत व्हावा आणि मी परत गेल्यावर त्यांनी मला ओळखावे, असा तो होता. मृत्यूविषयी विचारणाऱ्या मुलाचे मन घराकडेही लागलेले असते, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

आपल्या गावोगावच्या पिंपळावरचा मुंजा म्हणजे तरी कोण? मुंज झालेला, पण लग्नाआधी मेलेला मुलगा. त्याच्यावर २०२४ मध्ये हिंदी चित्रपट आला आणि मुलांनी तो आवडीने पाहिला. धारप (१९२५-२००८) आणि मतकरी (१९३८-२०२०) यांची पुस्तके वाचून आज आजोबा झालेली पिढी लहानाची मोठी झाली. मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण पाहून तर अगदी लहान मुलेही किंचाळतात आणि हसतात.

हे किंचाळणे आणि हसणे एकत्र का येते? भीती वाटली की शरीरात ॲड्रिनलिन वाढते, छाती धडधडते, हाताला घाम सुटतो. पण आपण घरात सुरक्षित आहोत आणि पुस्तक केव्हाही मिटता येते, हे मुलाला ठाऊक असते. त्यामुळे धडधड ओसरली की बरे वाटते. झोपाळा उंच गेल्यावर पोटात गोळा येतो, त्यातलाच हा प्रकार आहे. भीती सोसून तिच्यातून बाहेर येण्याचा तो सरावच असतो.

कोणत्या वयात काय समजते

मृत्यू म्हणजे काय, हे मुलाला एकदम समजत नाही. मारिया नॅगी या संशोधिकेने हंगेरीतल्या मुलांचा अभ्यास करून १९४८ मध्ये त्याच्या पायऱ्या मांडल्या. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला मृत्यू हा प्रवास किंवा झोप वाटते. गेलेला माणूस परत येईल अशी त्याची समजूत असते. पुढे पाच ते नऊ या वयात मृत्यू कुणीतरी येऊन नेणारा वाटतो, म्हणजे लपले तर चुकवताही येईल असा. नऊ-दहा वर्षांनंतर कळते की तो सर्वांना आहे आणि त्यातून परत येता येत नाही. सगळ्या मुलांची पावले अगदी याच हिशेबाने पडत नाहीत, पण दिशा साधारण हीच असते.

तेराव्या-चौदाव्या वर्षी हे ज्ञान पहिल्यांदा स्वतःला लागू होते. 'मीही मरणार, आईही मरणार' ही जाणीव याच वयात टोचते. घरात त्याविषयी बोलायची सोय नसते. विचारले तर "अभद्र बोलू नको" असे ऐकावे लागते. मग मूल पुस्तकाकडे वळते. पुस्तक हाच प्रश्न न रागावता पुढे नेते.

झोपेचा हिशेब

या वाचनाचा खरा त्रास बहुतेक वेळा भुतामुळे होत नाही, जागरणामुळे होतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला रोज आठ ते दहा तास झोप लागते. वयात येताना झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा वाढते, त्यामुळे या वयाची मुले मुळातच उशिरा झोपतात. त्यात पुस्तक रहस्याच्या टोकावर संपलेले आणि मोबाईलचा उजेड डोळ्यांत. दोन वाजता डोळा लागतो आणि सहाला शिकवणीला उठावे लागते. चार तासांच्या झोपेवर चिडचिड, डोकेदुखी, विसराळूपणा, भूक मंदावणे हे सारे होते. घरचे म्हणतात, पुस्तकातले भूत लागले.

वाईट स्वप्ने पडली तर घाबरू नये. ती बहुधा पहाटेच्या सुमारास पडतात, मूल जागे होते आणि स्वप्न सांगू शकते. लहान मुलांमध्ये रात्रीच्या पहिल्या प्रहरांत किंचाळत उठून बसण्याचा निराळा प्रकार आढळतो. त्यात मूल डोळे उघडे असूनही कुणाला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. अशा वेळी त्याला गदागदा हलवू नये. लागू नये म्हणून जवळ बसावे. ते आपोआप शांत झोपते.

छातीवर बसणारे भूत

एक अनुभव मात्र मुलाला आणि घराला फार घाबरवतो. पहाटे जाग येते, डोळे उघडतात, खोली दिसते, पण हातपाय हलत नाहीत. ओरडावेसे वाटते, आवाज फुटत नाही. छातीवर कुणीतरी बसले आहे किंवा कोपऱ्यात उभे आहे असे स्पष्ट वाटते. आदल्या रात्री भुताची गोष्ट वाचलेली असेल तर शंकेला जागाच उरत नाही.

याला निद्रापक्षाघात किंवा स्लीप पॅरालिसिस म्हणतात. आपण स्वप्न पाहतो तेव्हा मेंदू शरीराचे स्नायू सैल सोडून ठेवतो, नाहीतर स्वप्नात धावणारा माणूस पलंगावरून खाली पडला असता. कधी कधी मन आधी जागे होते आणि स्नायूंचा हा बंद थोडा मागे राहतो. काही सेकंद ते एक-दोन मिनिटे उघड्या डोळ्यांनी स्वप्न चालू असते. शंभरातल्या सात-आठ माणसांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो आणि विद्यार्थ्यांत त्याचे प्रमाण याहून जास्त आढळते. जागरण, झोपेच्या बदलत्या वेळा आणि उताणे झोपणे यांनी तो वाढतो.

जपानमध्ये याला कानाशिबारी म्हणतात. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचे लोक म्हणतात की म्हातारी चेटकीण छातीवर बसते. आपल्याकडे हडळ किंवा मुंजा दाबतो. शरीरात घडते ते सगळीकडे तेच, भूत मात्र ज्या-त्या मुलखाचे. मुलाला इतके समजावले तरी अर्धी भीती जाते. कुशीवर झोपावे, वेळेवर झोपावे आणि असे झालेच तर घाबरून धडपडण्याऐवजी एक बोट हलवायचा प्रयत्न करावा. हे वारंवार होत असेल, दिवसा बोलता बोलता झोप लागत असेल, किंवा झोपेत झटके येऊन अंथरूण ओले होत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

अशा मुलाला बाहेरची बाधा समजून मांत्रिकाकडे नेऊ नये. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधणे, धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि अशा उपचारात जाणारे दिवस आजारी मुलाला महागात पडतात.

घरात मृत्यू झालेला असेल तर

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. काही मुले हौसेने वाचतात. काही मुले मात्र कुणाला तरी शोधत वाचतात. बाबा गेलेले असतात, किंवा ताई, किंवा वर्गातला मित्र. पलीकडच्या जगाच्या गोष्टीत त्या माणसाचा ठावठिकाणा मिळतो का, हे मूल पाहत असते. आपल्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांनी किती घरांतले वडील नेले हे मी सांगायला नको. अशा घरातले मूल शाळेत टोमणे ऐकते, घरी आईला रडू येईल म्हणून गप्प बसते, आणि आपल्याच हातून काही चुकले म्हणून बाबा गेले असा अर्थ लावते.

अशा मुलाने "बाबांनी हाक मारली" असे सांगितले तर लगेच वेड म्हणू नये. वेल्समधील ड्यूई रीस या जनरल प्रॅक्टिशनरने आपल्या भागातल्या २९३ विधवा व विधुरांना भेटून १९७१ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्याचे जाणवले होते. काहींनी त्याला पाहिले वा ऐकले होते. बहुतेकांनी ते कुणालाही सांगितले नव्हते. हा शोकाचाच एक भाग असतो. दुःख सांगायला माणूस मिळाला की ते हलके होते.

मुलांची चांगली पुस्तके इथे मदतही करतात. हॅरी पॉटरच्या पहिल्याच पुस्तकात पोरक्या हॅरीला एका आरशात आपले मेलेले आई-वडील दिसतात आणि तो रोज रात्री त्या आरशासमोर जाऊन बसतो. गुरुजी त्याला रागावत नाहीत, पण या आरशासमोर बसून माणसांनी आयुष्ये घालवली आहेत, असे सांगून त्याला तिथून उठवतात. गोष्ट मुलाला पुन्हा जगण्याकडे आणते की मरण म्हणजे भेटीचा रस्ता आहे असे भासवते, हे पालकांनी पाहावे. दुसऱ्या प्रकारची गोष्ट दुःखी मुलाच्या हाती एकटीच राहू देऊ नये. ती त्याच्याबरोबर वाचावी आणि बोलावी.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन आपल्याच जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातील वैशाली येडे यांनी केले. पती गमावलेल्या या बाईंनी त्या मांडवात सांगितले की त्यांचा पुनर्जन्मावर विश्वास नाही, त्यांना याच जन्मात जगायचे आहे. पुनर्जन्म मानावा की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण याच जन्मात जगायचे आहे, हे मुलांच्या कानावर घरातल्या मोठ्यांकडूनच पडायला हवे.

केव्हा सावध व्हावे

पुढील गोष्टी दोन आठवड्यांहून जास्त दिसल्या तर डॉक्टरांना भेटावे: मूल मित्रांना टाळते, आवडता खेळही सोडते, जेवण आणि आंघोळ याकडे दुर्लक्ष करते, अभ्यासात एकदम मागे पडते, संशयाने वागते, किंवा न दिसणाऱ्या माणसांच्या आज्ञा ऐकू येतात असे सांगते. "मला बाबांकडे जायचे आहे", "मी नसलो तर बरे" असे बोलणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, निरोप घेतल्यासारखे वागणे दिसले तर मात्र दोन आठवडे थांबू नये. त्याच दिवशी निघावे.

अशा मुलाला सरळ विचारावे, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे. विचारल्याने मुलाला बोलता येते. त्याला एकटे सोडू नये. फवारणीची औषधे घरात असतील तर कुलपात ठेवावीत आणि किल्ली मोठ्यांजवळ असावी; हे तर प्रत्येक शेतकरी घराने एरवीही करावे.

पालकांसाठी सूचना

१. पुस्तक हिसकावू नका, फाडू नका. एखादे स्वतः वाचा आणि "तुला यातले काय आवडले?" असे विचारा.

२. झोपण्याआधी एक तास भयकथा आणि मोबाईल दोन्ही बंद. दुपार वाचायला मोकळी आहे.

३. लहान मुलाला "बाबा झोपले", "गावाला गेले" असे सांगू नका. ते झोपायला घाबरते किंवा वाट पाहत बसते. "बाबांचे शरीर बंद पडले, ते परत येणार नाहीत, तुझी काही चूक नाही," असे साध्या शब्दांत सांगा.

४. मृत्यूनंतर काय होते, याचे पक्के उत्तर देता आले नाही तरी चालेल. "आपल्या घरात असे मानतात, दुसरे लोक तसे मानतात," असे सांगता येते.

५. गेलेल्या माणसाचे नाव घरात घ्या. त्याचा फोटो, त्याच्या गोष्टी मुलापासून लपवू नका.

६. मदत लागली तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. तिथे जाण्यात कमीपणा नाही.

या सुटीत आपले मूल अशी एखादी गोष्ट वाचत असेल तर आज रात्री जेवताना त्याला तिची कथा सांगायला लावा. मध्ये टोकू नका. ते कशाला घाबरते आणि कुणाला शोधते, हे त्या बोलण्यातून बरेच कळेल.