क्षयाची औषधे आणि यकृताचे कार्य

सुमारे १,३०० मीटर उंचीवरील पाचगणीची थंड हवा क्षयरोग्यांना मानवते, असा एकेकाळी वैद्यकाचा विश्वास होता. त्यातूनच डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये येथे बेल-एअर आरोग्यधाम उभारले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा हाच उपचार. पुढे १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, १९५२ मध्ये आयसोनियाझिड वापरात आले आणि घरी राहून औषधे घेणारा रुग्णही आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो, हे मद्रास येथील अभ्यासाने १९५९ मध्ये दाखवून दिले. उपचाराची भिस्त हवेवरून औषधावर आली.

पोटात गेलेले औषध रक्तावाटे यकृतात पोहोचते. तेथील विकरे, म्हणजेच एन्झाइमे, त्याचे रूपांतर करून ते शरीराबाहेर टाकण्याजोगे करतात. हा वेग सर्वांचा सारखा नसतो. आयसोनियाझिडचे रूपांतर काहींच्या शरीरात जलद, तर काहींच्या शरीरात मंद गतीने होते आणि हा गुण आनुवंशिक असतो. मंद गतीच्या रुग्णांत हातापायांना मुंग्या येण्याचा संभव अधिक. म्हणून जोडीला ब-६ जीवनसत्त्व दिले जाते.

रिफाम्पिसिनची गोष्ट निराळी. हे औषध यकृतातील विकरांचे प्रमाणच वाढवते. परिणामी रुग्ण घेत असलेली इतर औषधेही लवकर नष्ट होऊ लागतात. शासनामार्फत मिळणाऱ्या ‘माला-एन’ या संततिप्रतिबंधक गोळ्यांचा भरवसा अशा वेळी राहत नाही. तांबीला मात्र बाधा येत नाही. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा प्रभाव घटतो. बेल-एअर पुढे एचआयव्हीबाधितांच्या सेवेसाठीही ओळखले जाऊ लागले. हे दोन्ही रोग एकत्र असलेल्या रुग्णास डोल्युटेग्राविर दिवसातून एकदा न देता दोनदा द्यावे लागते, तेही याच कारणाने. रिफाम्पिसिन थांबल्यावर सुमारे दोन आठवड्यांत विकरे पूर्ववत होतात. त्या वेळी रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफॅरिनची वाढवलेली मात्रा कमी केली नाही, तर रक्तस्रावाचा धोका संभवतो. यास्तव रुग्णाने आपली सर्व औषधे डॉक्टरांस दाखवणे अगत्याचे आहे. लाजेपोटी नेमक्या संततिप्रतिबंधक गोळ्याच सांगायच्या राहतात.

मोबाइल मनोऱ्यांच्या सूक्ष्मलहरींनी औषधांचा गुण बदलतो काय, अशीही शंका घेतली जाते. या लहरींचा निश्चितपणे सिद्ध झालेला परिणाम उष्णता हा होय आणि उष्णता क्षुल्लक नव्हे: फेन्टानिल या वेदनाशामकाच्या चिकटपट्टीवर शेक दिल्यास त्वचेवाटे होणारे शोषण धोकादायक प्रमाणात वाढते. तथापि मनोऱ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेत शरीराचे तापमान जाणवण्याइतके वाढत नाही. भारताने तर २०१२ मध्ये ती मर्यादा एक-दशांशावर आणली. मनोऱ्याच्या भीतीने क्षयाची गोळी चुकवण्याचे कारण नाही. छातीतील जळजळीसाठी त्याच वेळी घेतलेल्या अँटासिडने मात्र आयसोनियाझिडचे शोषण खरोखरच घटू शकते.