एका तिकिटावरून ठसा ठरवू नकोस

बाळा, जुन्या तिकिटातला बारीक फरक शोधायचा तर एकच तिकीट तासभर न्याहाळून काही हाती लागत नाही. तशीच चार-सहा तिकिटं शेजारी मांड आणि सगळ्यांवर एकच जागा बघ. एकावर ठिपका दिसला तर तो शाईचा असेल, छापताना मध्ये आलेल्या धुळीचा असेल. तोच ठिपका दुसऱ्यावरही अगदी त्याच जागी दिसला, की मग तो प्लेटवरचा दोष असण्याची शक्यता धर. तोवर वहीत पेन्सिलनेच लिही.

1854 चं, कलकत्त्यात दगडावरून छापलेलं निळं अर्ध्या आण्याचं तिकीट मला फार प्रिय. त्याचे तीन ठसे, म्हणजे छपाईचे मूळ साचे, आहेत. पण ते महाग, आणि नवख्याला फसवणारंही. तू लंडनच्या डे ला रू कंपनीने छापलेल्या अर्ध्या आण्यापासून सुरुवात कर. ते भरपूर आणि स्वस्त मिळतं. 1873 मध्ये त्याचा दुसरा ठसा आला. त्यात तिकिटावरच्या राणीच्या ओठांमधली रेघ खोल आहे, ओठ भरलेले आणि थोडे उघडे वाटतात, नाकपुडी वळणदार रेघेने दाखवली आहे. आधी ओठ बघ, मग नाकपुडी. दोन्ही जुळल्या तरच नोंद कर. शिक्का नेमका तोंडावर बसला असेल तर ते तिकीट बाजूला ठेव. अंदाजाने रकाना भरू नकोस.

पंचम जॉर्जच्या दीड आण्यावर तर भिंगही लागत नाही. आधीच्या छपाईत इंग्रजी ‘आना’ एकवचनी आहे, नंतरच्या तिकिटात तो अनेकवचनी झाला. आणि 1926 पासून आपल्या नाशिकला तिकिटं छापायला लागली, तेव्हा कागदही बदलला. जलचिन्हात एकच तारा असेल तर लंडन, ताऱ्यांची रांगच्या रांग असेल तर नाशिक. तिकीट काळ्या बशीत पालथं ठेवलं की बहुतेक वेळा तारा दिसतो.

आपल्या देवनारला खाडी जवळ, पावसाळ्यात कपाटातला कागदही ओलसर लागतो. ओलसर कागद फुगतो, वाळला की आखडतो. म्हणून मापातल्या केसभर फरकावरून वेगळा ठसा ठरवू नकोस; रेघांवर विश्वास ठेव. जून ते सप्टेंबर अल्बम उभा ठेव, दाबून नको. तिकीट चिमट्यानेच उचल. डे ला रूच्या काही तिकिटांची शाई पाण्यात विरघळते, तेव्हा पाकिटावरचं तिकीट भिजवायची घाई कधीच करू नकोस.

खरेदी करताना सुटं तिकीट आणि जोडी एकाच भावात मिळत असेल तर जोडी घे. शेजारच्या तिकिटामुळे शीटवरची जागा ठरवायला आधार मिळतो. कडेचा कोरा कागद राहिला असेल तर तो तसाच राहू दे, अल्बममध्ये मावत नाही म्हणून कापू नकोस.